नुसता हात लावायचा

"म्हणजे नाक चालतं आणि कान चालत नाही?" संग्रामने विचारलं, तेव्हा चहा गाळत असलेली पद्मजाकाकू गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली.

प्रश्न अगदी रास्त होता. संग्रामच्या काकांची एकुलती एक मुलगी अनिका, तिचं लग्न येत्या शनिवारी इथेच, या वाळवंटी चँडलर शहरात होतं. मुलगा देवांग, इथल्याच एडिसन गावात वाढलेला गुजराती. त्यामुळे थोडं त्यांचं, थोडं आपलं अशी लग्नाची वाटणी झाली होती. त्यांच्यात नवरदेव मांडवाच्या दारात आला की सासू त्याचं नाक ओढते. हे अनिकाला भलतंच आवडलं होतं. आपल्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि नवरदेव काहीतरी भेट हातावर ठेवीपर्यंत भाऊ कान सोडत नाही. ही कानपिळी मात्र तिने परस्पर कॅन्सल करून टाकली होती.

"दादा, नाक इज फनी," अनिका म्हणाली. "कान म्हणजे थ्रेट वाटते."

"वाटते काय? आहेच ती थ्रेट. त्यासाठीच असते."

"पण माझ्या नवऱ्याला धमकी द्यायची असेल तर मी देईन ना. व्हाय यू?"

बोलणं खोटं नव्हतं. अनिका शहराच्या खात्यात इमारतींची तपासनीस होती आणि भलेभले बांधकामवाले तिच्यापुढे डोक्यावरची हेल्मेटं काढून उभे राहत. देवांगचं म्हणाल तर तो इतका गरीब स्वभावाचा, की दार आपोआप उघडलं तरी दाराला थँक यू म्हणायचा. त्याला धमकी देणं म्हणजे गाईला शिंगं दाखवणंच होतं. पण ते "व्हाय यू" संग्रामच्या जिव्हारी लागलं.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर, त्याच्या मते, साऱ्या घराला ठाऊक होतं. तो साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आला तेव्हा पहिलं वर्ष याच घरात राहिला. अनिका तेव्हा शाळेत होती. तिला पोहण्याच्या क्लासला कोण सोडत होतं? ती पाण्यात गार होईपर्यंत बाहेर पार्किंगमध्ये कोण भाजत बसत होतं? तिला गाडी शिकवताना तिने शेजाऱ्यांची टपालपेटी मुळासकट उपटली, तेव्हा "मीच ठोकली" म्हणून पुढे कोण झालं? आणि आता ऐन लग्नात विचारते, तू कशाला?

शिवाय संग्रामची नोकरीच मुळी चिकटवण्याची होती. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत, चिप बैठकीवर घट्ट बसवायला जो गोंद लागतो, त्याची पारख करायची हे त्याचं काम. शर्टाच्या खिशात पेन नसेल, पण झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब असायचीच. त्यामुळे या विषयातल्या शब्दांबद्दल तो फार काटेकोर होता. इंग्रजीत वस्तूही स्टिक होते आणि जिवाभावाचा माणूसही स्टिक बाय करतो, पण मराठीत तसं भागत नाही. मराठीत गोंद चिकटतो. माणूस धरून असतो, पाठीशी राहतो. माणूस चिकटला म्हटलं की तो सरळ सरळ अपमान. हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण त्या पहिल्या वर्षी पुण्याच्या एक आत्या फोनच्या स्पीकरवर काकूला विचारत होत्या, अजून चिकटलाय का तो तुमच्याकडे, आणि ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. काकूने तेव्हा सरळ फोन ठेवून दिला होता आणि त्याला जास्तीची पोळी वाढली होती.

संजीवकाकांना आयुष्यभर कुणालाच न दुखावण्याचा छंद होता. त्यांनी दोघांच्या मधली वाट काढली. संग्रामने कानाला नुसता हात लावायचा, पिळायचं नाही. म्हणजे रीतही झाली आणि धमकीही नाही. अनिका म्हणाली, ठीक आहे, टच ओन्ली, दोन सेकंद. संग्राम म्हणाला, नुसता हात लावायला तो कान म्हणजे काय इस्त्री आहे, तापलीय का बघायला? पण काकूने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरात ठेवला, आणि जे ठरलं ते ठरलं.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या हॉलच्या दारातच त्याच्या रागात भर पडली. दारात प्रत्येकाला एक छापील घडीचा कागद देत होते, त्यात कोणता विधी केव्हा आणि कोण करणार हे लिहिलेलं. त्यात त्याच्या नावापुढे "अनिकाचा कझिन" असं छापलं होतं. संग्रामने ते दोनदा वाचलं. कझिन. चुलत म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मराठीत चुलतच्या पुढे भाऊ येतोच की. हे कझिन म्हणजे भावाला बाहेरच्या बाहेर निरोप दिल्यासारखं झालं. वर लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्या प्रीताने त्याला तिसऱ्या रांगेत, फ्रिस्कोहून आलेल्या दूरच्या नातेवाइकांच्या शेजारी बसवलं. प्रीता इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं समजायचं, पण तिच्या एका कानात यंत्र होतं आणि ती बहुतेक वेळ त्या यंत्राशीच बोलत असायची.

मग नवरदेवाची वरात पार्किंगमधून घामाघूम होऊन आत आली. काकूने देवांगचं नाक ओढलं. साऱ्या हॉलने कौतुकाचे उद्गार काढले. फोटोग्राफरचा फोटो हुकला म्हणून पुन्हा ओढायला लावलं. एकदा नाही, दोनदा! संग्रामने शेजारच्या फ्रिस्कोवाल्या गृहस्थांकडे वळून पाहिलं, पण त्यांना या अन्यायाचं काहीच वाटलं नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि होम पेटला. लग्न लावायला कृष्णा गुरुजी होते. मूळचे नागपूरचे. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. होमाला हॉटेलने परवानगी दिली होती, पण स्टेजच्या कडेला आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन हॉटेलचा एक धिप्पाड माणूस उभा केला होता आणि तो ज्वालेवरची नजर काढत नव्हता. लाह्या द्यायला नवरीच्या भावाला बोलावलं, तेव्हा संग्राम वर गेला आणि त्याने मुकाट्याने अनिकाच्या ओंजळीत लाह्या घातल्या. लाह्यांना कुणाची हरकत नव्हती. लाह्या म्हणजे थ्रेट नव्हती ना.

होमाभोवती फिरताना देवांगची मुंडावळी शेल्यात अडकली. कपाळावरून कानाशेजारी लोंबणाऱ्या तिच्या एका सरीचा मोत्यांचा झुबका तुटून खाली पडला. प्रीताने तो उचलला, मुंडावळीही उतरवून घेतली आणि इकडेतिकडे बघत असतानाच काकू म्हणाली, संग्रामकडे दे, त्याच्याकडे गोंद असतो. संग्रामने स्टेजच्या कडेला जाऊन खिशातली नवी ट्यूब काढली आणि टाचणीने तिचं तोंड फोडलं. आता, रोज हेच काम करणारा माणूस ट्यूब हळूच दाबेल असं कुणालाही वाटेल. पण तो मनातल्या मनात प्रीताला कझिन या शब्दाचा अर्थ समजावून सांगत होता, आणि नेमका त्यातला सगळ्यात झणझणीत मुद्दा आला तेव्हा त्याची मूठ आवळली. झुबका चिकटला, पण ट्यूबही निम्मी रिकामी झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गोंदाने चकचकीत झाली.

त्याने बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून चिमटा उघडा धरला आणि पुसायला काही मिळतंय का ते पाहू लागला. चँडलरची हवा इतकी कोरडी की हा गोंद तिथे बराच वेळ ओला राहतो. त्याला सुकायला ओल लागते. हे त्या हॉलमध्ये संग्रामइतकं कुणालाही ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यात गुरुजींनी नवरीच्या भावाला कानाला हात लावायला बोलावलं, आणि प्रीता त्याच्या कोपराला धरून म्हणाली, "दादा, गो. टच ओन्ली, ओके? वी आर रनिंग लेट."

ते "टच ओन्ली" परक्या मुलीच्या तोंडून ऐकलं आणि संग्रामच्या डोक्यात तिडीक गेली. गोंदबिंद सगळं तो विसरला. नुसता हात लावायचा ना? मग लावतो. पण असा लावतो की हात लावला म्हणजे काय ते कळेल. तो तरातरा गेला आणि होमाच्या धगीने घामेजलेली देवांगच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून त्याने कचकचून दाबली. पिळली नाही. शब्द तो शब्द.

दोन सेकंद झाले. संग्रामने हात मागे घेतला. हाताबरोबर देवांगही आला.

"आउच," देवांग म्हणाला, आणि लगेच, "सॉरी."

संग्रामने पुन्हा एकदा हळूच ओढून पाहिलं आणि काय झालंय ते त्याला कळून चुकलं. ओल, दाब आणि ऊब. असं घट्ट काम त्याच्या प्रयोगशाळेतही क्वचितच होत असे.

पण बाकीच्यांना यातलं काय दिसणार? त्यांना एवढंच दिसलं, की नवरीचा भाऊ कान सोडत नाहीये. आणि कानपिळीत भाऊ कान केव्हा सोडत नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोडू नकोस रे." टाळ्या पडल्या. सकाळपासून दांडिया आणि ढोलाखाली दबून गेलेली आपली मंडळी एकदम खुर्च्या सोडून पुढे आली. देवांगच्या आई सरलाबेन यांना कुणीतरी कानात प्रथा समजावून सांगितली. त्या भल्या बाईने तयार ठेवलेलं पाकीट हसत पुढे केलं. संग्रामने ते डाव्या हातात घेतलं, पण उजवा हात जिथल्या तिथेच राहिला. सरलाबेनचं हसू जरा कमी झालं. त्यांनी नवरीच्या बापासाठी आणलेली घड्याळाची पेटी आणवली. तीही त्याच्या डाव्या हातात आली. हात तिथेच. मग देवांगचे मामा खिशातून गाडीची किल्ली काढून हलवू लागले. गाडी विमानतळावरून भाड्याने घेतलेली होती, पण हे त्या उत्साहात कुणाच्या लक्षात आलं नाही.

काका घाईघाईने स्टेजवर आले. आयुष्यभर कुणाला न दुखावणारा हा माणूस पहिल्यांदाच दातओठ खात होता.

"संग्राम, शोभतं का हे? सोड आता."

"काका, सुटत नाहीये."

"सुटत नाही म्हणजे? झालं गेलं विसर. मनाला आवर घाल."

"मनाचं नाही काका, बोटांचं सांगतोय."

पण काकांना वाटलं, हा चार दिवसांचा राग काढतोय. अनिकालाही तेच वाटलं. होमाच्या पलीकडून, दागिन्यांनी वाकलेली मान न हलवता, ती नुसत्या डोळ्यांनी त्याला भाजून काढत होती. "दादा, आय सेड टच."

"टचच करतोय मी," संग्राम म्हणाला, आणि हे इतकं खरं होतं की त्याला स्वतःचाच संताप आला. आयुष्यात कधी नव्हे ते त्याने सांगितलं तेवढंच केलं होतं. पिळला असता तर बोटं केव्हाच निसटून आली असती. नियम पाळणाऱ्याची ही गत होते, आणि वर हावरट म्हणून नाव होतं.

"भैया," देवांग कुजबुजला, "इज इट मी? मैंने कुछ किया?"

त्या बिचाऱ्याने तसं विचारल्यावर मात्र संग्रामचा धीर सुटला. तो म्हणाला, "ग्लू आहे. मुंडावळीचा. बोटांना होता."

अनिकाची मान आता मात्र दागिन्यांसकट वळली.

"यू ग्लूड माय हजबंड?" अनिका म्हणाली.

"हजबंड अजून नाही," गुरुजींनी दुरुस्ती केली. "सप्तपदी बाकी आहे."

पुढचा प्रकार फार झपाट्याने झाला. प्रीताने अडीअडचणीच्या पिशवीतून नेलपॉलिश काढायचं औषध काढलं आणि कापूस घेऊन धावत आली. त्यावर तो लाल सिलिंडरवाला धिप्पाड माणूस तिच्याहून जोरात धावत आला आणि दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला. ज्वालेशेजारी हे औषध उघडाल तर मी आत्ताच्या आत्ता सगळं विझवीन, असं त्याचं म्हणणं. संग्रामला मान्य करावं लागलं, की माणूस बरोबर बोलतोय. ते भडकलं तर नवरदेवाचा कानच काय, मांडवही राहायचा नाही. मग होम विझवा, काका म्हणाले. गुरुजींनी ठाम नकार दिला. प्रोसेस चालू असताना सर्व्हर बंद करत नाहीत, अग्नीच्या साक्षीने सप्तपदी झाल्याशिवाय लग्न पुरं नाही, आणि मुहूर्त काही त्यांच्या हातात नाही. मग आम्ही दोघं बाहेर जाऊन येतो, असं संग्रामने सुचवलं. नवरदेव होम सोडून बाहेर जात नसतो, असं गुरुजींनी सांगितलं. आणि दुपारी हॉल दुसऱ्या लग्नाला द्यायचा होता, हे प्रीताने घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं.

राहता राहिलं तेल. तेलाने हा गोंद सुटतो, हळूहळू का होईना, हे संग्राम जाणून होता. पण स्टेजवर तेल नव्हतं. होतं ते होमाचं तूप. गुरुजी म्हणाले, ते अग्नीसाठी आहे.

"अग्नी सकाळपासून खातोय," पद्मजाकाकू म्हणाली. "पोट भरलं असेल त्याचं."

आणि तिने पळीभर तूप सरळ देवांगच्या कानावर ओतलं, वर आणखी एक पळी ओतली. तूप पाळीवरून मानेवर, मानेवरून शेरवानीच्या जरीच्या कॉलरमध्ये उतरलं. सरलाबेननी डोळे मिटून घेतले. शेरवानी सुरतेहून आणवली होती.

"आता मुरू द्या," काकू म्हणाली. "तोवर चाला."

तर अशी ती सप्तपदी सुरू झाली. जमिनीवर तांदळाच्या सात राशी, त्यावर सुपाऱ्या. पुढे अनिका, तिचा हात धरून देवांग आणि देवांगचा कान धरून संग्राम. देवांग ताडमाड उंच, संग्राम बेताचा. त्यामुळे देवांगला एका अंगाने वाकून आणि संग्रामला टाचा उचलून चालावं लागत होतं. पहिल्या पावलाला गुरुजींनी अन्नाचा मंत्र म्हटला. दुसऱ्या पावलाला अनिकाचे खांदे हलू लागले. आपण पोरीला तिच्या लग्नात रडवलं, असं संग्रामला वाटलं. टपालपेटी पडली तेव्हाही ती रडली नव्हती. मग तिसऱ्या पावलाला तिने मान जराशी वळवली आणि त्याला दिसलं, ती ओठ गच्च मिटून हसू दाबत होती. दाबता दाबता तिचं काजळ गालावर उतरलं होतं.

पाचव्या पावलापाशी संग्रामच्या तर्जनीला काहीतरी गार लागलं. मग अंगठ्याला. तूप मुरलं होतं. बोटं पाळीवर अलगद, वरच्या वर सरकली. सुटली होती.

आता खरं तर त्याने तिथेच हात वर करून सांगायला हवं होतं. सगळ्यांना हायसं वाटलं असतं, प्रीताने त्याला कोपराला धरून स्टेजवरून उतरवलं असतं आणि तिसऱ्या रांगेत फ्रिस्कोच्या शेजारी नेऊन बसवलं असतं. संग्रामने समोर पाहिलं. तांदळाच्या दोन राशी राहिल्या होत्या. सकाळपासून, खरं तर चार दिवसांपासून, जो राग तो बाळगून होता, तो सगळाच्या सगळा राग नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हात काढला नाही.

"भैया," देवांग अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाला. "निकल गया?"

"नाही," संग्राम म्हणाला. धडधडीत खोटं, तेही अग्नीच्या साक्षीने.

देवांगने पुढच्या राशीकडे बघत जरा विचार केला. "ओके," तो म्हणाला. "मुझे भी लगा, नहीं निकला."

सहावं पाऊल पडलं. होमाचा धूर नेमका त्याच बाजूला आला, संग्रामच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने पुसलं. डाव्या हातात पाकीट आणि घड्याळाची पेटी तशीच होती. सातवं पाऊल पडलं. गुरुजींनी शेवटचा मंत्र म्हटला आणि प्रोसेस पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या इतक्या वाजल्या की सिलिंडरवालाही सिलिंडर खाली ठेवून वाजवायला लागला.

मग काकूने त्या दोघांना तसंच धरून स्टेजमागच्या खोलीत नेलं. दार लावलं, कापसावर औषध घेतलं आणि देवांगच्या कानाजवळ वाकली. वाकली आणि थांबली. कान आणि बोट यांच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती. काकूने संग्रामच्या तोंडाकडे पाहिलं. संग्राम छताकडे पाहू लागला. देवांगला तर छताची फारच गोडी लागली होती.

काकूने तो कापूस त्या मोकळ्या बोटांवरून सावकाश, चांगला घासून घासून फिरवला, मग कानावरून फिरवला, आणि दार उघडून बाहेर जमलेल्या मंडळींना सांगितलं, "फार घट्ट बसलं होतं हो. निघता निघेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे काकांच्या घरी जमले होते. कालचं श्रीखंड उरलं होतं, पुऱ्या ताज्या तळल्या होत्या. सरलाबेन आणि मामा परत जायच्या आधी निरोप घ्यायला आले होते. देवांगच्या कानाला मलम लावलं होतं आणि तो वाढणाऱ्या प्रत्येकाला थँक यू म्हणत होता. व्हिडिओवाल्याने फोनवर काही तुकडे पाठवले होते. अनिकाने ते टीव्हीवर लावले. संग्राम वाटीभर श्रीखंड घेऊन, झाल्या प्रकाराचा सूत्रधार म्हणून जरा ऐटीतच पुढे सरसावून बसला.

सप्तपदी आली. कॅमेरा अगदी जवळ होता. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. पाचवं झालं. सहावं पाऊल पडलं, धूर आला, आणि टीव्हीवरच्या संग्रामने देवांगच्या कानावरचा उजवा हात चक्क काढला, त्याच हाताने आधी एक डोळा पुसला, मग दुसरा पुसला, नाकही पुसलं, आणि हात परत नेऊन नीट, जागा बघून, कानावर ठेवला. त्याच्या मागे साऱ्या हॉलच्या रांगा दिसत होत्या. एकूण एक माणूस त्याच्याकडेच बघत होतं.

संग्रामची वाटी हातातच राहिली.

"हे सगळ्यांना दिसलं?" त्याने विचारलं.

काका चष्मा पुसू लागले. काकूला अचानक स्वयंपाकघरातलं काम आठवलं, पण ती उठली नाही. मामा म्हणाले, पहिल्या रांगेतून तर फारच स्पष्ट दिसलं.

"हमें लगा," सरलाबेन जपून म्हणाल्या, "यह भी आपकी कोई रस्म होगी."

संग्रामने वाटी खाली ठेवली. चार दिवसांत इतका अन्याय त्याच्यावर झाला नव्हता. "दोनशे माणसं," तो म्हणाला. "दोनशे माणसांनी डोळ्यांनी बघितलं, की याचा हात सुटलाय आणि हा तसाच धरून चाललाय. आणि एकालाही वाटलं नाही, सांगावं म्हणून? काका, तुम्ही? निदान तू तरी, अनिका. तू तर पुढेच होतीस. एका शब्दाने सांगायचं नाही मला?"

अनिकाने पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला.

"सांगितलं असतं तर तू हात काढला असतास ना," ती म्हणाली, आणि तिने व्हिडिओ थोडा मागे नेऊन पुन्हा लावला.